मृतांसाठी मिस्सा कशाला?

महिन्याच्या मिस्साला आलेले प्रॉटेस्टंट पाहुणे कधी कधी आपल्याला विचारतात, "गेलेल्यांचा न्याय देवाकडे, मग तुमची प्रार्थना कशाला? बायबलमध्ये कुठे आहे?" आपण गप्प बसतो, नाहीतर चिडतो. चिडू नये, प्रश्न रास्त आहे.

मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२ वा अध्याय काढू या. लढाईत पडलेल्या यहुदी सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडले. यहुदा मक्काबीने त्यांना दोष देऊन सोडले नाही. चांदीची दोन हजार नाणी जमवून त्याने त्यांच्या पापांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवले, कारण मेलेले पुन्हा उठतील अशी त्याची आशा होती.

पाहुण्यांच्या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये हे पुस्तक नसते. आपल्या ७३ मध्ये आहे. तेव्हा खरा मतभेद इथेच सुरू होतो, हे त्यांना मोकळेपणाने सांगावे.

मात्र पैसे मोजून स्वर्ग मिळत नाही, हे त्यांचे म्हणणे आपणही मानतो. शुद्धिस्थानाच्या नावाने चालणाऱ्या पैशाच्या लोभाला ट्रेंटच्या धर्मपरिषदेनेच १५६३ साली मनाई केली. आणि आईच्या नावाने मिस्साचे पैसे देऊन आपण मिस्सा संपेपर्यंत चर्चबाहेर गप्पा मारत राहिलो, तर तेही पाहुण्यांना दिसतेच.