खर्जाचा धर्म

मैफल संपवून घरी निघालेल्या श्रोत्यांस विचारून पाहावे की, आज तंबोऱ्यावर कोण होते? गवयाचे नाव सर्वांस ठाऊक असते, तबलजीचे बहुतेकांस, पेटीवाल्याचे काहींस. परंतु दोन-तीन तास गवयाच्या पाठीशी बसून एकसारख्या तारा छेडीत राहिलेल्या त्या मुलाचे वा मुलीचे नाव सांगणारा विरळा. आणि तरी तो तंबोरा मध्येच थांबला असता, तर गवयापासून शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यापर्यंत प्रत्येकास काहीतरी हरपल्यासारखे झाले असते. जगातील पुष्कळशी कामे याच जातीची आहेत. ती चालू असतात तोवर कोणाच्या लक्षात येत नाहीत. असल्या कामास वाहून घेणाऱ्याने आपले समाधान कशात शोधावे, आणि ज्यांचे गाणे त्या कामावर उभे राहते ते त्याचे काही देणे लागतात की नाही, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

या विषयात आमचा अधिकार बेताचाच आहे. आम्ही पोटासाठी दुसरा उद्योग करतो आणि हौसेखातर बेस गिटार वाजवितो. ज्यांस हे वाद्य परिचित नाही त्यांच्याकरिता एवढेच सांगतो की, नेहमीच्या गिटारीहून एक सप्तक खाली बोलणारी ही चार जाड तारांची गिटार होय. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ती ‘प्रिसिजन बेस’ या नावाने बाजारात आणली, आणि तेथून पुढे वाद्यवृंदांत तिचा प्रसार झाला. तत्पूर्वी हे काम डबल बेस नावाचे पुरुषभर उंचीचे वाद्य करीत असे. ते वाहून नेणे जिकिरीचे, आणि पितळी वाद्यांच्या गजरात त्याचा आवाज बुडून जाई. फेंडरच्या वाद्यात विजेचे बळ आले, व पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागू लागला. ‘प्रिसिजन’ या नावाचा अर्थ तोच. वाद्य बदलले तरी कर्तव्य मात्र तेच राहिले. गाण्याचा खालचा स्वर धरून ठेवावयाचा, आणि तालाचे पाऊल व स्वराचे पाऊल एकाच जागी पडेल असे पाहावयाचे, एवढेच बेसवाल्याचे काम. आपल्याकडे ज्यास आपण खर्ज म्हणतो, त्याचाच हा पाश्चात्य चुलतभाऊ होय.

आमचे वास्तव्य राजुरास. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले, जालना शहरापासून सुमारे २५ किलोमीटरांवरचे हे गाव राजुरेश्वर गणपतीमुळे साऱ्या मराठवाड्यास ठाऊक आहे. अंगारकी चतुर्थीस आसपासच्या जिल्ह्यांतून माणसे पायी चालत येतात. अशा गावी बेस गिटारीचे काय काम, असे कोणी विचारील. आम्हांस मात्र आमच्या वाद्याचा अर्थ गिटारीच्या पुस्तकांपेक्षा भजनातल्या मृदंगाने अधिक शिकविला. मृदंगाच्या उजव्या पुडीवर शाई कायमची असते. डाव्या पुडीवर मात्र वाजविण्यापूर्वी भिजविलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्या कणकेच्या वजनाने कातड्यास तो गंभीर, पोटातून आल्यासारखा नाद येतो. कणीक कमी पडली तर नाद उथळ निघतो, अधिक झाली तर कोंडतो. रात्र चढता चढता ती सुकू लागते, तेव्हा पाण्याचे बोट लावावे लागते. आणि भजन संपले की ती खरडून टाकावयाची. पुढल्या भजनास पुन्हा नवी कणीक. टाळकरी कितीही असोत, गाणारे कितीही असोत, त्या सर्वांच्या पायाखालची जमीन म्हणजे ती मूठभर कणीक होय. तिचे कौतुक झालेले आम्ही कधी ऐकले नाही, आणि तिच्यावाचून भजन रंगलेलेही पाहिले नाही.

कणकेच्या या गोळ्याचे स्मरण आम्ही स्वतःस वारंवार देत असतो. कारण साधनांचा मोह हा हौशी वादकाचा मोठा शत्रू आहे. ज्यास अर्धा तास सराव करावयास सवड मिळत नाही, त्यास नव्या गिटारीची, नव्या ॲम्प्लिफायरची आणि नाना तऱ्हेच्या पेडलांची वर्णने वाचावयास दोन तास सहज सापडतात. पैसे मोजल्याने पराक्रम घडल्याचा भास होतो, आणि बोटे जेथल्या तेथे राहतात. साधन तुच्छ आहे, असे आमचे म्हणणे नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये घडविण्याचा पाया घातला. शस्त्रांस धार लावणे हा शिकलगारांचा पिढीजाद धंदा. ते हात पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून तंबोरे घडवू लागले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. अशा कारागिरीपुढे नम्रच व्हावे. परंतु जवारीचा दोरा नेमका कोठे सरकवावा हे सांगणारा कान कोणत्याही दुकानात मिळत नाही. डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीच्या अनेक गाजलेल्या गाण्यांत बेस वाजविणारे जेम्स जेमर्सन तुटेपर्यंत तारा बदलीत नसत आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवीत, हे प्रसिद्धच आहे. त्यांच्यामागून आलेल्या कित्येक बेसवाल्यांचे शिक्षण त्या एका बोटाने केले.

खालच्या स्वरात साधनांच्या मोहाहून घातक असा दुसरा एक मोह दडलेला आहे, तो बळाचा. मनुष्याचा कान खालच्या स्वरांस मंद आहे. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ साली ही गोष्ट मोजून दाखविली. म्हणून वरच्या स्वराइतकेच ऐकू यावयाचे, तर खालच्या स्वरास कितीतरी अधिक शक्ती पुरवावी लागते. बेस गिटारीची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ४१ वेळा कंप पावते, आणि तिच्या ध्वनिलहरीची लांबी ८ मीटरांहून अधिक भरते. वरचा स्वर भिंतीशी अडतो. ही लांब लहर भिंत ओलांडून शेजारच्या घरातील आजारी माणसाच्या उशाशी जाऊन पोहोचते. मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती रचून छातीवर आदळविण्यात येणारा तो ‘बेस’ हा आमच्याच घराण्यातला उन्मत्त पुत्र आहे, हे आम्हांस मान्य केले पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. परंतु कायद्याने मोजता येते ते आवाजाचे प्रमाण, त्यामागची वृत्ती मोजता येत नाही. खर्ज आधार म्हणून आला तर त्यावर दुसऱ्याचे गाणे उभे राहते. सत्ता म्हणून आला तर दुसऱ्याचे गाणेच काय, बोलणेही बंद पडते. दोन्ही ठिकाणी स्वर तोच असतो.

आता समाधानाकडे वळू. एका गावच्या गणेशोत्सवात आमच्या मित्रमंडळाचा कार्यक्रम चालू असता आमच्या गिटारीची वायर मध्येच निकामी झाली. ती बदलीपर्यंत दीड-दोन कडवी निघून गेली. श्रोत्यांपैकी एकानेही मान वळविली नाही. परंतु गाणाऱ्या मुलीचा स्वर किंचित चढू लागला, ढोलकीवाल्याने दोनदा मागे वळून पाहिले, आणि गाणे, कोणासही कारण न कळता, घाईने धावू लागले. ते पाहून आम्हांस खेद वाटला असेल, असे वाचकांस वाटेल. खरे सांगावयाचे तर मोठा संतोष वाटला. आपण असण्याने काय होते, हे एरव्ही आम्हांस कळण्याचा मार्गच नव्हता.

तंबोऱ्याच्या बाबतीत आपल्या संगीतज्ञांनी एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे. तंबोरा नीट जुळला म्हणजे त्यातून गंधार ऐकू येतो; त्यास ते स्वयंभू गंधार म्हणतात. चार तारांपैकी एकही तार गंधारात लावलेली नसते. तो उमटतो खर्जाच्या पितळी तारेतून. आपण स्वतः उच्चारीत नाही असा स्वर आपल्या स्थिरपणामुळे जन्मास यावा, यापरते खालच्या स्वराचे दुसरे पारितोषिक आम्हांस ठाऊक नाही.

येथे कोणी म्हणेल की, एवढ्यासाठी माणूस कशास हवा? बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली विजेवर चालणारा तंबोरा तयार केला. आता तर तो खिशातल्या फोनमध्ये येऊन बसला आहे. तो थकत नाही, उतरत नाही, बिदागी मागत नाही. एकट्याने रियाज करणाऱ्यास त्याचे उपकार मोठे आहेत, हे आम्ही मोकळेपणी मान्य करतो. परंतु गाणारा गडबडला असता आपली लय अर्धा श्वास रोखून त्यास सावरून घेणे यंत्रास साधत नाही. कारण त्यास ऐकावयाचे ठाऊक नाही. समोरासमोरच्या गायनवादनात ही घटना क्षणोक्षणी घडत असते. दुसऱ्याची चूक तिसऱ्याच्या कानी पडण्यापूर्वीच एकाने ती पोटात घालावयाची, आणि तिची वाच्यता करावयाची नाही. प्रत्यक्ष संगीतातील नीतीचा भाग तो हाच, आणि साथीदाराचे समाधानही येथेच.

परंतु समाधानाचा हा विचार येथेच संपविला, तर तो मोठ्या अन्यायास सोयीचा होईल. कारण प्रश्नाचा दुसरा भाग, देण्याचा, शिल्लक आहे. आमच्या भागात कार्यक्रमाच्या ठरावास सुपारी म्हणतात. सुपारीच्या वेळी मांडववाल्याचा दर ठरतो, दिवेवाल्याचा ठरतो, जनित्राच्या डिझेलचा हिशेब होतो. यांपैकी कोणासही ‘ही देवाची सेवा आहे’ असे सांगितले जात नाही. ते वाक्य वादकाकरिता राखून ठेवलेले असते. त्यातही हौशी वादक आढळला की, ‘तुम्हांस काय कमी आहे’ असे म्हणून बिदागी निम्म्यावर आणावयाची, आणि पुढल्या वर्षी तीच निम्मी रक्कम पोटार्थी वादकापुढे दर म्हणून ठेवावयाची. हौशी माणसाचे औदार्य अशा रीतीने दुसऱ्याच्या ताटातून वाढले जाते. म्हणून आम्ही एक नियम पाळतो. जेथे गाणारा, वाजविणारा, ऐकणारा असे सर्वच जण काही न घेता येतात, जसे राजूरच्या भजनात, तेथे आम्हीही काही घेत नाही. जेथे एकासही दाम मिळतो, तेथे पेशेवाल्याचा जो दर असेल तो घेतो. आणि तो न परवडल्यास त्या जागी पेशेवाल्यासच बोलवावे, असे सुचवितो.

यावर निष्काम कर्माचे तत्त्व पुढे करण्यात येते. ते तत्त्व आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु फळाची आशा सोडण्याचा उपदेश गीतेत कर्म करणाऱ्यास केलेला आहे. कर्म करवून घेणाऱ्याने तो आपल्या तिजोरीचे कुलूप म्हणून वापरावा, असा तिचा आशय असू शकत नाही. आपल्या गावगाड्याचा इतिहास या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. ज्या मातंगांच्या हलगीवाचून गावची मिरवणूक निघत नसे, त्यांस देवळाबाहेर उभे राहून वाजवावे लागे. त्यांच्या नावाची कोणी विचारपूस केली नाही, आणि नकार देण्याची मुभा तर नव्हतीच. असल्या अनामिकतेस नम्रता हे नाव देणे म्हणजे नम्रतेची विटंबना होय. जो मोठ्याने बोलू शकतो आणि तरी हलके बोलतो, तो नम्र. ज्याच्या तोंडावर हात ठेवलेला आहे, तो नम्र नव्हे.

वर उल्लेखिलेल्या जेमर्सनचेच उदाहरण पाहा. १९६० नंतरच्या दशकात ज्या गाण्यांनी जग डोलत होते, त्यांच्या तबकड्यांवर त्यांचे नाव नसे. मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या १९७१ सालच्या संग्रहावर मोटाउनच्या वादकांची नावे छापली गेली, तेव्हा कोठे ते अक्षरांत आले. १९८३ साली ते वारले. आणि अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने त्यांचा गौरव केला तो २००० साली. नाव छापल्याने त्यांचा एकही स्वर अधिक गोड झाला नाही. ते ऋण होते, व ते थकले होते, एवढाच त्याचा अर्थ.

एवंच, आमचा निर्णय असा की, खर्जाचा धर्म दुहेरी आहे, आणि त्याचे दोन भाग दोन निरनिराळ्या माणसांनी पाळावयाचे आहेत. मागे बसणाऱ्याने नावाची चिंता न करता स्वर धरून ठेवावा. पुढे बसणाऱ्याने त्या नावाची चिंता केल्यावाचून उठू नये. पहिल्याने दुसऱ्याचा भाग स्वतःकडे घेतला तर तो चडफडत वाजवितो व त्याचा स्वर उतरतो. दुसऱ्याने पहिल्याचा भाग त्यास शिकविण्याचे मनावर घेतले तर ती लूट होते. आमच्या मंडळात आता कार्यक्रमाच्या शेवटी गाणारीच सर्व साथीदारांची नावे सांगते, वायरी गुंडाळणाऱ्या मुलाचेही सांगते. त्यास अर्धा मिनिटदेखील लागत नाही. श्रोते तोवर चपला शोधू लागलेले असतात. तरी ती नावे सांगितली जातात, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.