मनाला लावून घेणे

गेल्या महिन्यात जमिनीच्या फेरफाराच्या नकलेसाठी तालुक्याच्या कचेरीत तिष्ठत बसलो असता, शेजारच्या बाकावर गुडघ्यांशी कागदांची पिशवी कवटाळून बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मेजापलीकडच्या कारकुनाला, "सायेब, प्यायला पानी कुटं मिळंल?" असे विचारले; आणि त्या गृहस्थाने लेखणी खाली ठेवून, मान वर करून, "पानी!" एवढा एकच शब्द साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा बेताने उच्चारला. लोक हसले. म्हातारा गोरामोरा झालेला पाहून कोणी तरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, थट्टा केली त्यांनी. मनाला लावून घेऊ नका." त्या उपहासापेक्षाही हे सांत्वन मला अधिक बोचले, आणि अजून बोचते आहे.

थट्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा यांच्या चढत्या छटा मराठी माणसाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. दीर-भावजयीची किंवा व्याही-विहिणींची थट्टा कितीही झोंबरी असली तरी ज्याची थट्टा होते त्याला तिची परतफेड करण्याची मुभा असते, आणि माझ्या मते थट्टेला उपहासापासून वेगळे करणारी खूण ती हीच. म्हाताऱ्याला अशी मुभा कोठून असणार? त्याची दरखास्त त्याच मेजावर पडून होती.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित ही उत्तम प्रकृतींची, विहसित आणि उपहसित मध्यमांची, अपहसित आणि अतिहसित अधमांची. नाकपुड्या फुललेल्या, दृष्टी तिरकी, मस्तक व अंग आखडलेले, असे उपहसिताचे वर्णन तेथे आहे, आणि कारकुनाची मुद्रा आठवली की भरतमुनींच्या निरीक्षणाला हात जोडावेसे वाटतात. उपहसित अधमांच्या नव्हे, तर मध्यमांच्या वाट्याला का घातले, याचा उलगडा मात्र मला पुष्कळ दिवस झाला नव्हता.

बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1900 साली हास्यावर लिहिताना, हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, असे म्हटले; ते निःसंशय खरे आहे. परंतु हास्य हे समाजाच्या हातचे सुधारणेचे साधन आहे, ताठरलेल्या माणसाला ते वठणीवर आणते, हा त्याचा सिद्धांत मला मुळीच मान्य नाही. 'ण'च्या जागी 'न' हा कित्येक बोलींचा रीतसर नियम आहे. त्यात सुधारायचे ते काय? 1848 साली पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर आणि 1893 साली विधवेशी विवाह केलेल्या धोंडो केशव कर्व्यांवर जो समाज तुटून पडला, तो कोणता ताठरपणा घालवीत होता? ताठरलेला तर तोच होता.

येथवर सारा दोष मी त्या कारकुनाच्या पदरात घालीत होतो. पण मयसभेची कथा पुन्हा वाचली आणि माझा निर्णय डळमळला. दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा व्यासांच्या निवेदनात भीमादी पांडव आणि सेवक हसतात. द्रौपदीच्या हसण्याचा तेथे उल्लेख नाही. तोच प्रसंग दुर्योधन पित्यापुढे सांगतो तेव्हा मात्र स्त्रियांसह द्रौपदीही हसलेली असते. हा त्याचा कांगावा, असे मी आजवर मानीत आलो. आता वाटते, ज्याच्यावर हसले जाते त्याला हसणारे मोजता येत नाहीत, त्याला सारी सभाच हसताना दिसते. आणि तसे दिसणे सर्वथा चुकीचेही नसते. तो "पानी" शब्द कोणीच उचलून धरला नसता तर जागच्या जागी विरून गेला असता; त्याला उपहास केले ते आमच्या हसण्याने. मीही हसलो होतो. आवाज न करता, ओठांच्या कोपऱ्यात, आपली नक्कल अडू नये एवढ्याच धोरणाने. उपहसित मध्यमांचे का, ते मला माझ्याच ओठांवरून कळले.

नक्कल घेऊन बाहेर पडलो तेव्हा म्हातारा व्हरांड्यातल्या माठापाशी उभा होता. शिपायाने "काय पाहिजे, बाबा?" म्हणून विचारले. त्याने तोंड उघडले, मिटले, आणि ओंजळ ओठांशी नेऊन दाखविली.