पहिला वर

चित्रगुप्ताच्या वहीत नावाची गफलत झाली, यमदूतांनी भलत्यालाच उचललं आणि चूक लक्षात येताच त्याला परत पाठवलं. ही गोष्ट आपल्याकडे गावोगाव कुणाच्या तरी आजोबांच्या नावावर सांगतात. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरिचा यांनी ती गांभीर्यानं ऐकून घेतली, लिहून घेतली. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन यांच्यासोबत त्यांनी १९८६ साली भारतातल्या १६ जणांचे मृत्युसमीप अनुभव प्रसिद्ध केले. माणसाला दूत घेऊन जातात, कुणीतरी वही उघडून बसलेला असतो, ‘हा तो नव्हे’ असं ठरतं आणि माणूस परत येतो, असा या अनुभवांचा साधारण साचा. अमेरिकी माणसं सांगतात तसं स्वतःचं शरीर वरून पाहिल्याचं या लोकांनी सांगितलं नाही.

पश्चिमेतली कथा वेगळ्या वाटेनं गेली. आल्प्समधल्या कड्यावरून कोसळून वाचलेले स्विस भूगर्भशास्त्रज्ञ अल्बर्ट हाइम यांनी आपल्यासारख्याच गिर्यारोहकांच्या हकिकती गोळा करून १८९२ साली छापल्या. पडताना भीती नव्हती, विलक्षण शांतता होती, असं त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं. पुढे १९६० मध्ये छाती दाबून थांबलेलं हृदय चालू करण्याची पद्धत वैद्यकात रुळू लागली आणि मृत्यूच्या उंबऱ्यावरून परतणाऱ्यांची संख्याच वाढली. रेमंड मूडी यांच्या १९७५ च्या ‘लाइफ आफ्टर लाइफ’ या पुस्तकानं अशा अनुभवांना नाव दिलं. बोगदा, प्रकाश, भेटायला आलेली गेलेली माणसं, आणि मग परत फिरण्याचा क्षण. या कथेत वहीतली चूक नाही. तिथे बऱ्याचदा माणूस स्वतःच रेंगाळतो, मागे राहिलेल्यांचा विचार मनात येतो आणि तो फिरतो. पुष्कळ जण असंही सांगतात की परत यावंसं वाटतच नव्हतं.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो मला पुस्तकातून नव्हे, बंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या एका घरात कळला.

मूळचं सोलापूरचं कुटुंब. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, बायको शाळेत शिकवते, मुलगी दहावीत, आई त्यांच्याजवळच. त्याला हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात पोचल्यावर हृदय थांबलं, शॉक देऊन चालू केलं. घरी आल्यावर कितीतरी आठवडे तो काही बोलला नाही. मग एका संध्याकाळी त्यानं सांगितलं, तिथे काय होतं ते. उजेड होता, आजोळचं अंगण होतं, दुखणं म्हणून नव्हतंच. आणि शेवटी म्हणाला, “खरं सांगू का, परत यावंसं वाटत नव्हतं.”

आई डोळे मिटून हात जोडून बसल्या. बायको उठून स्वयंपाकघरात गेली.

नंतर ती मला म्हणाली, “त्याला मरणाची भीती वाटत नाही म्हणे आता. चांगलं आहे. पण मी रात्री उठून त्याच्या नाकापुढे हात धरते, त्याचं काय?” तो खरोखरच बदलला आहे. बढतीचा विषय त्यानं सोडून दिला. सोसायटीच्या वॉचमनच्या ऑपरेशनला घरात न विचारता मोठी रक्कम दिली. पूर्वी ट्रॅफिकमध्ये चिडणारा माणूस मारतहळ्ळीच्या पुलाखाली तास तास शांत बसून राहतो. बाहेरच्यांना हा बदल लोभस वाटतो. घरात मात्र त्याच एका घटनेनं दोन उलट गोष्टी शिकवल्या आहेत. त्याची भीती गेली आणि तिला भीती लागली. तिच्या लेखी ‘भीती उरली नाही’ याचा अर्थ ‘तुम्हाला सोडून जायचं मला काही वाटत नाही’ असाही होतो.

आईंना हे दुखणं नाही. त्यांच्या मते काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. वहीतली चूक होती, ती दुरुस्त झाली. म्हणून मला वाटतं, ती जुनी गोष्ट घराला एका जखमेपासून वाचवत होती. त्या गोष्टीत माणसाला कुणी विचारतच नाही. जाणं त्याच्या हातात नाही, येणंही नाही, तेव्हा ‘तू तिथे रेंगाळलास का?’ असं त्याला विचारता येत नाही. नव्या कथेत निवड आली, आणि निवडीसोबत घरच्यांना तराजूत बसावं लागलं.

परतलेल्याला घरानं परत घ्यावं लागतं, हे आपल्या परंपरेनं मात्र फार आधी ओळखलं होतं. कठोपनिषदातल्या नचिकेत्याचा तिसरा वर सगळ्यांना ठाऊक असतो, कारण त्यात मृत्यूचं गूढ विचारलं आहे. पण यमानं तीन वर दिल्यावर त्या मुलानं पहिल्यांदा काय मागितलं? वडिलांचा राग शांत व्हावा आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून जवळ घ्यावं. मृत्यूच्या दारात तीन रात्री काढलेल्या मुलाला सगळ्यात आधी घराची काळजी आहे. वटपौर्णिमेच्या कथेतही सत्यवान जागा होतो तेव्हा आपल्याला ओढून नेणारा तो सावळा पुरुष कोण होता, असं विचारतो खरा, पण लगेच त्याचा जीव आईबापांसाठी कासावीस होतो. आपण मेला समजून सोडलेला माणूस परत आला तर काय करायचं, याचाही विधी धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत आहे. त्याला तुपानं न्हाऊ घालायचं, जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करायचे आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. कर्मकांड म्हणून हे बाजूला सारणं सोपं आहे. मला त्यात जुन्या लोकांची समज दिसते. आलेला माणूस नवा आहे, आणि नव्या माणसाशी नातंही नव्यानं बांधावं लागतं.

कधी ते बांधलं जात नाही. जुलै १८९६ मध्ये मदुराईत काकांच्या घरी सोळा वर्षांच्या वेंकटरामनला अचानक मरणाची भीती वाटली. तो आडवा झाला, देह मेला असं धरून त्यानं ‘मग मी कोण’ याचा शोध घेतला. दीड महिन्यात तो घर सोडून तिरुवण्णामलैला गेला आणि पुढे रमण महर्षी झाला. १८९८ मध्ये आई अळगम्माळ शोधत आली, दिवसचे दिवस विनवत राहिली. त्यानं तोंडून शब्द काढला नाही, कागदावर चार ओळी लिहून दिल्या. ती १९१६ मध्ये त्याच्याजवळ कायमची राहायला आली आणि १९२२ मध्ये तिथेच गेली. महर्षींच्या त्या अनुभवाबद्दल जगभर लिहिलं गेलं. आईच्या मधल्या अठरा वर्षांबद्दल मला जास्त वाचायला आवडेल.

आधुनिक अभ्यासातही घर उशिराच आलं. नेदरलँड्समध्ये पिम व्हॅन लोमेल यांनी हृदय थांबून वाचलेल्या ३४४ रुग्णांची पाहणी केली. त्यांतल्या ६२ जणांना असा अनुभव आला होता. हा निबंध २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. रुग्णांना दोन वर्षांनी आणि पुन्हा आठ वर्षांनी भेटून विचारलं, तेव्हा दिसलं की बदल एका रात्रीत होत नाही, तो पचायला वर्षं लागतात. त्या वर्षांत तो माणूस कुणाच्या तरी शेजारी जेवायला बसत असतो, हे मात्र आपणच लक्षात घ्यायचं.

मारतहळ्ळीहून जुन्या विमानतळाच्या रस्त्यानं गेलं की गोल्फचं मैदान लागतं. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून आलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीआधीच तिथे कोसळलं. १४६ पैकी ९२ जण गेले, ५४ वाचले. विमानाच्या वेगाची, उंचीची चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. ‘५४ वाचले’ म्हटल्यावर त्या ५४ घरांचं सगळं ठीक झालं असं आपण धरून चालतो.

अतिदक्षता विभागातून बाहेर आलेल्यांच्या घरच्यांनाही धास्ती, नैराश्य, दचकून जागं होणं यांनी ग्रासलेलं असतं, याला वैद्यकानं वेगळं नाव दिलं ते गेल्या पंधरा-वीस वर्षांत. युरोपातल्या काही अतिदक्षता विभागांत नर्स आणि नातेवाईक मिळून एक डायरी लिहितात. रुग्ण बेशुद्ध असताना काय काय घडलं ते त्याला नंतर वाचायला मिळतं. आपल्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, पथ्य आणि पुढची तारीख असते. घरच्या माणसाला ‘तुम्ही झोपता का?’ एवढं विचारायलाही तिथे जागा नसते.

ही डायरीची पद्धत मी त्या बायकोला सांगितली. तिनं शाळेची एक वही घेतली आणि त्या रात्रीचं सगळं आठवून लिहिलं. डिपॉझिटसाठी कुणाला फोन केला, मुलीला शेजारच्या उडुपीच्या काकूंनी कसं नेलं, कुठल्या फॉर्मवर सही करताना हात थांबला. त्यानं ती वही दोनदा वाचली. आता दोघं वेळांवरून वाद घालतात. त्याच्या मते तो तिथे फार वेळ होता, तिच्या वहीत हृदय थांबल्याची चार मिनिटं आहेत, आणि आईंना अजून एकच प्रश्न आहे की त्या रात्री वहीत खरं नाव कुणाचं होतं.