अनानुरीचा किल्ला
शास्त्रवाचन : मार्क ३:२०-३०



कॉकेशस पर्वताच्या कुशीत जॉर्जिया नावाचा लहानसा देश आहे. ख्रिस्ताची सुवार्ता तेथील राजघराण्याने चौथ्या शतकातच स्वीकारली. निनो नावाच्या स्त्रीने द्राक्षवेलीच्या काटक्या आपल्या केसांनी बांधून क्रूस केला व तो हाती घेऊन तिने उपदेश केला, असे तेथील मंडळी परंपरेने सांगते.

या देशाची राजधानी तिबिलिसी. तिच्या उत्तरेस सुमारे ७० किलोमीटरांवर, आराग्वी नदीच्या काठी टेकडीवर अनानुरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकापासून या खोऱ्यावर आराग्वीच्या सरदारांची सत्ता होती. कॉकेशस ओलांडून उत्तरेकडे जाणारी वाट याच खोऱ्यातून जाते. ती राखण्यासाठी त्यांनी येथे ठाणे केले. चर्या असलेला उंच तट बांधला, बुरूज उभारले. वरच्या बाजूच्या भक्कम चौकोनी बुरुजाचे नाव ‘शेउपोवारी’, म्हणजे कोणापुढे न नमणारा. तटाच्या आत एक जुने विटांचे उपासनामंदिर आहे. त्यात काही सरदारांच्या कबरी आहेत. मोठे, घुमटाचे उपासनामंदिर १६८९ साली बांधले. त्याच्या दक्षिणेकडील भिंतीवर मोठा क्रूस कोरला आहे, आणि त्यासोबत द्राक्षवेल. तो पाहताच निनोच्या क्रूसाची आठवण होते.

त्या काळी जॉर्जियाला इराणी व तुर्की फौजांचे भय असे. परंतु १७३९ साली अनानुरीवर घाला आला तो शेजारच्या क्सानी खोऱ्यातून. तेथील सरदार शान्शे हाही जॉर्जियनच, त्याच ख्रिस्ताचे नाव घेणारा. त्याने किल्ल्याला आग लावली व आराग्वी घराण्याची कत्तल केली. न नमणाऱ्या त्या बुरुजातच त्यांची शेवटची झुंज झाली. त्या शतकातल्या आगीत मंदिरातील बहुतेक भित्तिचित्रेही नष्ट झाली. मग शान्शेला तरी काय लाभले? चारच वर्षांनी, १७४३ साली, रयतेने बंड करून त्याची माणसे मारली आणि राजा तेमुराझ दुसरा यास राज्य करण्यास बोलावले.

आपसांत फूट पडलेले घर टिकत नाही, हे प्रभूने आधीच सांगून ठेवले आहे. शेजाऱ्याच्या वैरापुढे तट उणा पडला आणि भिंतीवरचा क्रूस मनात उतरला नाही.

इतरांना हे सांगताना आम्हांलाच लाज वाटते. पंचमंडळाच्या निवडणुकीवरून आम्ही एका बंधूशी दोन वर्षे बोललो नाही. तरी प्रभुभोजनाला मात्र त्यांच्याच शेजारी गुडघे टेकीत होतो! अखेर एका संध्याकाळी त्यांच्या दाराची कडी वाजवली. ती वाजवणे फार जड गेले. त्यांनी दार उघडले, चहा ठेवला. माफीचे शब्द दोघांनाही नीट सुचले नाहीत. पण पुढच्या प्रभुभोजनाला भाकर हाती घेताना आमचा हात कापला नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, फळ्यावर हा किल्ला काढा आणि मुलांना विचारा : शत्रू कोठून आला? मुले बरोबर उत्तर देतील. मग तोच प्रश्न आपण आपल्याला विचारू. येत्या प्रभुभोजनाच्या आधी ज्याच्या दाराशी आपल्याला गेले पाहिजे, त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. तेथे जाण्याचे बळ प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.