स्वशक्ती आणि शिट्टी

शरीर हे धर्माचे साधन मानले, तर त्या शरीरावर आज्ञा कोणाची चालावी, हा प्रश्न शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या तासालाही लागू पडतो. ज्या विचाराचा आधार व्यायामाच्या महतीसाठी नेहमी घेतला जातो, तो कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात बटुवेषातील शंकराच्या तोंडी आला आहे. मात्र त्याच श्लोकात, शरीराचे महत्त्व सांगण्याआधी, तपस्विनी पार्वतीला तिचे तप स्वतःच्या शक्तीनुसार चालले आहे ना, असे विचारलेले आहे. सुभाषित झाले ते विधान. प्रश्न मागे राहिला; मानसिक आघात सोसलेल्या विद्यार्थ्यासाठी मात्र तोच कळीचा आहे.

मानसिक आघात म्हणजे सोसण्यापलीकडचा प्रसंग ओढवणे आणि तो सरल्यावरही धोका टळला आहे, हे शरीराला न पटणे. अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत ‘स्वशक्ती’ बाहेरून मोजता येत नाही, कारण दंडबेठकांना पुरेसे बळ असलेला मुलगाही अचानक वाजलेल्या शिट्टीने गोठून जाऊ शकतो. खो-खोमध्ये खो पाठीमागून स्पर्श करून दिला जातो, कबड्डीत चढाई करणाऱ्याला अनेक जण मिळून जखडतात. इतरांना ज्यात खेळाची गंमत वाटते, तेच मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलाला जुन्या प्रसंगाची पुनरावृत्ती वाटू शकते. शांततेचे प्रतीक मानलेले शवासनही याला अपवाद नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यातून वाचलेल्या एखाद्या मुलाला डोळे मिटून निश्चल पडण्यास सांगणे म्हणजे विश्रांती देणे, असे गृहीत धरता आले नसते.

येथे निग्रह आणि पीडा यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. निग्रह म्हणजे स्वतःच स्वतःला आवरणे. दुसऱ्याने लादलेल्या आवरण्याला फार तर आज्ञापालन म्हणता येईल. हट्टाने देहाला पीडा देऊन केलेल्या तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस म्हटले आहे, तर पतंजलीच्या सूत्रात आसनाची ओळख स्थैर्य आणि सुख या दोनच लक्षणांनी दिली असून, कोणत्याही विशिष्ट आसनाचे नाव तेथे घेतलेले नाही. या कसोटीवर चुकलेल्या मुलाला शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावण्याची सर्रास चालणारी रीत टिकत नाही. शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ निषिद्धच आहेत.

म्हणून तासाला पुढे काय होणार ते आधी सांगणे, स्पर्शापूर्वी विचारणे, डोळे उघडे ठेवण्याची किंवा गुणलेखकाचे काम घेण्याची मुभा देणे आणि त्यामागचे कारण चारचौघांत न विचारणे, या गोष्टींना सवलत म्हणणे चूक आहे. ज्याच्या देहावरचा ताबा एकदा हिरावला गेला, त्याला तो परत मिळण्याची ती रीत आहे. नकाराची सोय ठेवली की मुले आळशी होतील, ही शंका अगदीच निराधार नाही, कारण काही जण तिचा गैरफायदा घेतीलच. परंतु नकाराला वाव नसेल, तर होकाराला संमतीचे मोल उरत नाही. शक्तीविषयी विचारल्यामुळे पार्वतीने तप सोडले नव्हते.