शून्याची चूक

माझ्याजवळ एक मायक्रोमीटर आहे. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. बँकेत दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या बी.कॉम. माणसाने हे हत्यार कशाला बाळगावे, असा प्रश्न आमच्या घरात अधूनमधून निघतो. पडवीतल्या माझ्या वर्कशॉपात आजवर एक स्टूल तेवढे तयार झाले. तेही डुगडुगते.

पण निगा विचाराल तर! मिरकरवाड्याची हवा म्हणजे अर्धी मीठच. म्हणून हाताळला की घामाचे बोट राहू नये यासाठी मलमलीने पुसायचा, तेलाचा पुसट हात फिरवायचा, पेटीत ठेवताना दोन्ही तोंडे एकमेकांना टेकू द्यायची नाहीत. (हा नियम आमच्या आळीतही लागू करावा.) मापे खरी धरायची ती 20 अंश सेल्सिअसला, असे 1931 साली जगाने ठरवले. आमच्या पडवीत 20 अंश म्हणजे जानेवारीतली पहाट, आणि तेव्हा मी झोपलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, शेजारच्या तांडेलाचा मुलगा दारात आला. हात ग्रीसने काळे.

"काका, मायक्रोमीटर द्याल? डिझेल पंपाखालची शिम मोजायचीय."

शिम म्हणजे पातळ पत्र्याची चकती. तिच्या जाडीवर डिझेल कधी फवारायचे ते ठरते. मी त्याचे हात पाहिले आणि म्हणालो, "अरेरे, दुरुस्तीला दिलाय रे, कोल्हापूरला!"

कोल्हापूर कुठून आले, देव जाणे. खोट्या नोंदीतही शाखेचे नाव हवे!

रात्री पेटी उघडली. तोंडे मिटली तरी काटा शून्यावर नव्हता, 0.02 पुढे. याला शून्याची चूक म्हणतात. ती ठाऊक असली की प्रत्येक मापातून वजा करायची, हिशेब चोख. माझ्यातून किती वजा करायचे? 'देत नाही' म्हणायचा मला हक्क होता. पडला असता तर भरून कोण देणार? पण नकाराची लाज वाटली आणि खोट्याची वाटली नाही. शिवाय मोजण्यासाठी घडवलेल्या वस्तूला मी नुसते पुसून म्हातारे करत होतो, ते वेगळेच.

सकाळी पेटी घेऊन गेलो. पोराने हात रॉकेलने धुतले, फडक्याला पुसले. तोंडांत कागदाचा कपटा धरून अलगद ओढला, मग रॅचेट कटकट वाजेपर्यंतच फिरवून तोंडे मिटली. मी इतक्या वर्षांत कागद ओढला नव्हता.

"काका," तो म्हणाला, "पॉइंट झिरो दोन पुढे दाखवतोय. कोल्हापूरवाल्याने काम नीट केलं नाही वाटतं!"