नशिबाला बोल लावू नकोस

"पिल्लू नशिबात नव्हतं, सर," असं काल तू म्हणालास. नशिबाला मध्ये आणू नकोस. मेलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचं लसीचं कार्ड मी पाहिलंय. पहिल्या रकान्यात स्टिकर आणि डॉक्टरांची सही. त्याखाली पुढची तारीख ठसठशीत लिहिलेली, आणि तिच्यासमोरची जागा कोरी. रातपाळी होती म्हणतोस. पट्टा, घुंगरू आणायला, दिवसभर त्याचे व्हिडिओ काढायला बरी सवड मिळाली!

"एक इंजेक्शन दिलं होतं ना?" हे तुझं दुसरं उत्तर. आता नीट ऐक. पिल्लाला आईच्या चिकातून रोगाशी लढायची ताकद मिळते. ती काही आठवडे टिकते आणि हळूहळू ओसरते. पण ती अंगात असेपर्यंत लसीलाही निकामी करते. कुठल्या पिल्लात ती कधी संपेल, हे डॉक्टरही बघून सांगू शकत नाहीत. म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या वयात पहिला डोस, मग दर ३-४ आठवड्यांनी पुढचा, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. आणि वर्षाने बूस्टर. मागावर ताण्याचा एक धागा तुटला तर तू माग थांबवून गाठ मारतोस. बाकीचे हजारो धागे शाबूत आहेत म्हणून ताका पुढे जाऊ देत नाहीस. इथे मात्र तुटलेलं तसंच सोडलंस.

त्याला मारणारा पार्व्हो काही कालपरवाचा रोग नाही. १९७८ मध्ये तो ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला, कारण तेव्हा कुत्र्यांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकदच नव्हती. आज लस आहे, आणि तरी पिल्लं मरतात, ती अशा कोऱ्या रकान्यांमुळे. हा विषाणू आतड्याचं अस्तर सोलून काढतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवतो. उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली की त्याच दिवशी सलाइन लागतं. तू दोन दिवस दहीभात भरवत बसलास आणि मेडिकलमधून माणसांची जुलाबावरची गोळी आणलीस. उपचारच न मिळालेल्या १० पिल्लांतली ९ च्या आसपास दगावतात. वेळेत दाखल केलेली बरीचशी वाचतात.

आणि मेल्यावर काय केलंस? रात्री पोत्यात घालून खाडीत टाकलंस. त्याचं गोणपाट चाळीच्या नळावर धुतलंस. ताटली शेजारच्यांना दिलीस, त्यांच्याकडेही पिल्लू आहे हे माहीत असून! हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो, चपलेच्या तळाला चिकटून घरोघर जातो. फिनाइलला तो दाद देत नाही, सॅनिटायझरलाही नाही. साथ म्हणजे काय हे सुरतेत राहणाऱ्याला मी सांगायचं? १९९४ च्या प्लेगला भिऊन लाखो लोकांनी हे शहर सोडलं. तुझे वडीलही गाडी पकडून नंदुरबारला गेले होते. पुढे शहर सुधारलं ते नशिबाने नव्हे, रोजच्या रोज कचरा उचलला गेला म्हणून.

आता म्हणतोस, पोरगी रडते म्हणून रविवारी नवं पिल्लू आणतो. खबरदार! त्याच खोलीत? त्याच फरशीवर? पोरीचे डोळे पुसायला आणखी एक जीव मरणाच्या दारात नेऊन ठेवणार?

आज आधी शेजाऱ्यांकडे जा. ती ताटली परत घे, काय झालं ते खरं सांग, आणि त्यांच्या पिल्लाला डॉक्टरकडे न्यायला लाव. गोणपाट पिशवीत बांधून टाकून दे. फरशी साबणाने घासून घे, मग ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच मिसळून त्याने ती १० मिनिटं ओली राहू दे. ओटा आणि नळाजवळची जागाही सोडू नकोस. नवं पिल्लू कधी आणायचं हे डॉक्टर ठरवतील, तू नाही. आणशील तेव्हा त्याचे सगळे डोस आधी झालेले असू देत. रेबीजची लस वेगळी, तीन महिन्यांनंतरची; तीही टाळायची नाही, कारण तो रोग माणसालाही सोडत नाही.

पोरीलाही खरं कारण सांग. देवाने नेलं म्हणून सांगू नकोस. पुढचं कार्ड तिच्या हातात दे आणि तारखा तिलाच वाचायला लाव. माहीत नव्हतं, ही सबब पहिल्या पिल्लापुरती मी ऐकून घेतली. यापुढे ऐकणार नाही.